पंचफुलाबाईंच्या सहा गोळ्या

चाचणीसाठी गोळ्या निवडायची वेळ आली की पंचफुलाबाई आधी वाईट गोळ्या शोधत. ट्रेमध्ये शेकडो चकचकीत गोळ्या पसरलेल्या असायच्या, आणि बाईंची बोटं त्यातून कडेचा टवका उडालेली, एका अंगाने फिकी राहिलेली, दुसरीला चिकटून सुटलेली अशी गोळी नेमकी उचलायची. आम्ही विद्यार्थी वैतागायचो. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चांगल्या गोळीची परीक्षा कायले घेतं? ते पासच हाये. हे बी कोनाच्या तं पोटात जाईनच ना."

आमच्या चंद्रपूरच्या औषधनिर्माण महाविद्यालयात त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. शिक्षण आठवीपर्यंत. रोज घुग्घुसहून बसने यायच्या, आल्या आल्या पदरावरची कोळशाची धूळ झटकायच्या आणि निळा अ‍ॅप्रन चढवायच्या. काचेची भांडी धुणं, पाणी भरणं, यंत्रं पुसणं हे त्यांचं कागदावरचं काम. पण गोळ्यांवर लेप चढवायच्या यंत्राजवळ त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. सिमेंट कालवायच्या यंत्रासारखा तिरका फिरणारा एक पॅन, आत गरम हवेचा झोत आणि वरून द्रावणाचा फवारा, एवढाच तो पसारा. गोळ्या फिरता फिरता भिजतात, वाळतात आणि त्यांच्यावर पातळ पापुद्रा धरतो. बाई पालथ्या हाताने हवेची ऊब बघत, गोळ्यांचा खळखळाट ऐकत आणि आम्ही आकडे वाचायच्या आत फवारा कमी करायला सांगत. "डोये फशी पडतेत पोरी, बोटानं पाह्यत जाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझा प्रबंध अशाच एका लेपावर होता. पोटातल्या आम्लात गोळी दोन तास जशीच्या तशी राहायला हवी आणि पुढे आतड्यात गेल्यावरच विरघळायला हवी, नाहीतर औषध आम्लात वाया जातं. त्याची चाचणी सोपी असते. आम्लात खालीवर होणाऱ्या सहा नळ्यांत सहा गोळ्या सोडायच्या आणि दोन तास थांबायचं. सहापैकी एकीलाही तडा जाता कामा नये.

मला तेव्हा हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. अट एकच, महिनाअखेर प्रबंध सादर झालेला हवा. जिवतीच्या डोंगरातल्या आमच्या गावातून इतकं शिकलेली मी पहिलीच. घरी पेढेसुद्धा वाटून झाले होते. दिवस वाचावेत म्हणून शेवटच्या खेपेला मी पॅन गळ्यापर्यंत भरला. बाई म्हणाल्या होत्या, थोड्या कमी भर. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लेपाचं सरासरी वजन अगदी हवं तेवढं भरलं. मग ट्रेमधल्या सहा देखण्या गोळ्या मी स्वतः उचलल्या. दोन तास झाले, सहाही शाबूत. मी वहीत "उत्तीर्ण" लिहिलं आणि कँटीनमध्ये जाऊन बसले.

परत आले तर चाचणीचं यंत्र पुन्हा सुरू होतं. बाईंनी त्याच ट्रेमधून आपल्या पद्धतीने सहा गोळ्या काढून आत सोडल्या होत्या. जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती आणि दोन गोळ्या उकलून पांढरी भुकटी आम्लात उतरत होती. बाईंनी तिकडे फक्त बोट दाखवलं. माझ्या डोळ्यांसमोरून नोकरी, पेढे, आईबाबा सगळे सर्रकन गेले आणि तोंडाचा ताबा सुटला.

"तुमचं काम भांडे धुवाचं हाये," मी म्हणाले. "तेवढंच करत जा."

त्यांनी यंत्र बंद केलं, बीकर विसळून पालथा घातला, अ‍ॅप्रन खुंटीला लावला आणि बस गाठायला निघून गेल्या. त्यांच्या मुलीच्या वयाची होते मी.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा बाई माझ्याआधी हजर होत्या आणि टेबल पुसत होत्या. मी वही उघडली, "उत्तीर्ण" या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, सहापैकी दोन गोळ्या फुटल्या. वही माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवली. सर भले माणूस. म्हणाले, पहिला निकाल काही खोटा नव्हता, बघ, अजून विचार कर. हो म्हणायचा मोह मला झाला, हे कबूल करते. पण फुटलेल्या गोळ्या मी पाहिल्या होत्या, त्या न पाहिल्यासारख्या कशा करणार?

नोकरी गेली. पुढचे चार महिने मी आणि बाईंनी तो लेप पुन्हा बसवला. चूक कुठे झाली ते त्यांना आधीच ठाऊक होतं. "तू पॅन ठासून भरला ना, मांगच्या गोळ्या फिरूनच नाई राह्यल्या," त्या म्हणाल्या. फिरणाऱ्यांवर लेप जाड चढला, मागच्या तशाच पातळ राहिल्या, आणि सरासरीत दोन्ही झाकल्या गेल्या. आम्ही पॅन अर्धाच भरला, फवारा मंद ठेवला. शेवटी बाईंनी निवडलेल्या अठरा गोळ्या आम्लात दोन तास टिकल्या. यथावकाश दुसरी नोकरी मिळाली, आणि आज लेप तपासण्यावरच माझं पोट आहे. त्या चार महिन्यांत मात्र मी बाईंची माफी मागितली नाही. रोज मागायचं ठरवायचे आणि रोज राहून जायचं.

निवृत्त होऊन त्या वडशाजवळ लेकाकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. अंगणात धान वाळत होतं आणि बाई काठीने कोंबड्या हाकत बसल्या होत्या. चहा झाला आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, मी तर कधीच विसरले.

"राग आला व्हता नं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी येनारच नव्हती. पन तू वहीत काय लिहते, ते पाहाचं व्हतं."

मी विचारलं, आणि मी तो निकाल तसाच ठेवला असता तर?

"परीक्षेले बाहेरचे सायब येतेत ना, त्याइले चहा देता देता सांगतलं असतं. मंग तुहं काय बी होवो."

मी हसले खरी, पण मनातून पार ओशाळले. इतकी वर्षं मुलाखतींत आणि हाताखालच्या नव्या मुलांना मी ही गोष्ट माझ्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगत आले होते. त्यात वही होती, रेघ होती, गेलेली नोकरीही होती. बाई मात्र कुठेच नव्हत्या. दुसऱ्यांदा गोळ्या कुणी सोडल्या, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि हे मला त्या अंगणात बसून कळलं. तेही मी त्यांना सांगू शकले नाही.

उन्हाळ्यात पंचफुलाबाई गेल्या. ही गोष्ट त्यांचं नाव घेऊन मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.