मर, पण कोणाची?

तिच्या फाटकावर त्यांनी लाल रंगात दोनच अक्षरं रंगवली होती. मर.

आधी काही नाही, नंतर काही नाही. येणारे-जाणारे वाचायचे, थबकायचे आणि आत कोण राहतं ते डोकावून बघायचे. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसानं टाकी बाहेरच ठेवली आणि फोन करून विचारलं, "मावशी, कोणाशी भांडण झालंय का?"

शेतकरी मंडळी मर म्हणतात ती एका रोगाला. मातीतली बुरशी मुळातून शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते, आणि भर ओल्या मातीत उभं झाड तहानेनं मान टाकतं. रोगाला नाव म्हणून शब्द चोख आहे. पण तोच शब्द एखाद्या बाईच्या फाटकावर एकटा उभा केला की ती शिवी होते. मी सगळा जन्म रंगभूमीवर शब्द बोलण्यात घालवला. मागचंपुढचं तोडलेला शब्द काय अनर्थ करतो, ते मला कोणी शिकवायला नको. ते फाटक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आज लिहितानाही ती पुरती खाली उतरलेली नाही.

ही बाई आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. तिला सगळे कुजबूज म्हणायचे. विंगेत उभी राहून ती विसरलेलं वाक्य असं पुरवायची की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. पुढं तो आवाज तिला चिकटलाच. ती घसा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेली, तर डॉक्टरनं आधी स्वतःच्याच कानात बोट घालून पाहिलं म्हणे. मी राण्यांची कामं करायची, म्हणून मी तिची राणीसाहेब. "राणीसाहेब, मुकुट तिरका आहे, आणि वाक्यही," असं ती हळूच सांगायची, आणि दोन्ही खरंच तिरकं असायचं.

एक प्रसंग सांगते, कारण तो पुढं लागणार आहे. आमच्या एका नाटकात पहारेकरी महालाच्या दाराशी येऊन परवलीचा शब्द बोलायचा, मग आतला माणूस दार ओढायचा. एकदा पहारेकऱ्याचं पोट बिघडलं. दुसऱ्या नाटकातल्या पहारेकऱ्याला आयत्या वेळी उभं केलं. अंगरखा तोच, मिशी तीच, भाला तोच. गडी ऐटीत आला आणि आपल्या नाटकातला शब्द ठणकावून बोलला. दार उघडेना. पुन्हा बोलला. आतला माणूस आपल्या शब्दाची वाट बघत दोरी धरून बसलेला. कुजबूज विंगेतून जीव तोडून खरा शब्द सांगत होती, पण गड्याला घामापुढं काही ऐकू येईना. शेवटी तो दाराला पाठ लावून बसला आणि प्रेक्षक हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. मी मात्र आत राणी होऊन अडकले होते.

कंपनी बंद पडली. कुजबूजचा नवरा आमच्याकडे दिवे सांभाळायचा. त्याच्या वडिलांची शहराला लागून जमीन होती, ती दोघा भावांत वाटली गेली. मोठ्याच्या वाट्यावर नवराबायकोनं रोपवाटिका काढली. खरबूज, काकडी, मिरची, कोबी, वांगी. नवरा गेल्यावर ती एकटीनं चालवू लागली. मी विचारलं, तुला हे जमतं कसं? म्हणाली, "सोपं आहे हो. रोप काही मागत नाही, विसरलेल्या नटासारखं नुसतं बघतं. आपण ओळखायचं."

कुंपणापलीकडे धाकटा दीर. त्याच्या शेडनेटच्या जाळीखाली टोमॅटो, मागच्या हंगामातही टोमॅटो, त्याच्या मागच्यातही. बागायतदारांच्या सोसायटीनं मोठ्या गिऱ्हाइकाशी करार केला होता आणि सगळ्यांना टोमॅटोच लावायला सांगितलं होतं. दीर-भावजयीचं चांगलं होतं. तो कुंपणावरून टोमॅटो द्यायचा, ती मिरचीची रोपं. तो म्हणायचा, वहिनी, जरा मोठ्यानं बोलत जा, माझ्या झाडांना तुमचं काही कळत नाही.

मग एका हंगामात कुजबूजच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात खरबुजाच्या वेलांनी माना टाकल्या. तिनं काय करावं? झाकून ठेवता आलं असतं. ती स्वतः सोसायटीत गेली आणि माझ्याकडे मर दिसते, कोणीतरी बघून घ्या, असं सांगून आली. प्रामाणिकपणाला आपल्याकडे असं फळ येतं: थोड्याच दिवसांत दिराचे टोमॅटो मान टाकू लागले आणि गुन्हेगार आधीच हजर होता.

सोसायटीनं दोन्हीकडचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथून बुरशीचं नाव आलं. दोन्हीकडे एकच. अध्यक्षांना तेवढं पुरलं. तिच्या वाफ्यातली सगळी रोपं, अगदी ज्यांना नखसुद्धा लागलं नव्हतं ती कोबी-मिरचीही, उपटून जाळायला लावली. फाटकावर सोसायटीच्या माणसांनी ती दोन अक्षरं रंगवली. पुढच्या बैठकीत रोपवाटिका कायमची बंद करण्याचा ठराव यायचा होता. अध्यक्ष दुष्ट माणूस नव्हे, हेही सांगते. आमच्या कंपनीच्या शेवटच्या प्रयोगाला त्यानं स्वतः लोक गोळा केले होते. पण काही माणसांना घाई झाली की डोकं बाजूला काढून ठेवायची सवय असते, तशी त्याला होती.

आणि सगळ्यात मला काय लागलं सांगू? तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. मी गेले तेव्हा ती रोपांच्या रिकाम्या ट्रेंच्या चळतीपाशी बसली होती. म्हणाली, माझ्या चपलांना लागून माती तिकडे गेली असेल. दिरानं बोलणं टाकलं होतं. कुंपणावर त्यानं गोणपाट बांधलं होतं. पंचवीस पावलांवरचं घर परक्या देशात गेल्यासारखं झालं होतं.

मी म्हटलं, ऊठ. आपण त्या प्रयोगशाळेत जाऊ. अपराधी असलीस तर निदान नीट चौकशी होऊन अपराधी हो.

तिथं एक बाई होत्या, सगळे त्यांना बुरशीवाल्या बाई म्हणायचे. त्यांनी दोन काचेच्या बशा समोर ठेवल्या. दोन्हींत पांढरी, जरा जांभळट झाक असलेली कापसासारखी वाढ. एक खरबुजातली, एक टोमॅटोतली. सूक्ष्मदर्शकातही दोन्हीकडे तेच, कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे बीजाणू. माझं मन खट्टू झालं. दोन्ही अगदी एकसारख्या, मी म्हणाले.

"दिसायला," बाई म्हणाल्या. "नाव एकच आहे, आडनाव वेगळं. मी दोन्ही कळवली होती. तुमच्या अध्यक्षांनी नाव वाचलं आणि कागद मिटला."

मग त्यांनी समजावलं. या बुरशीची जनुकं बरीचशी सगळीकडे सारखी असतात, म्हणून रूप सारखं. पण थोडे तुकडे निरनिराळे असतात, आणि कोणत्या पिकाची राखण मोडून आत शिरायचं ते त्या तुकड्यांत असतं. त्यांनी ते तुकडे तपासले होते. खरबुजाच्या बुरशीत टोमॅटोचे तुकडे नव्हते, टोमॅटोच्यात खरबुजाचे नव्हते. एकीची दुसऱ्या पिकाच्या मुळाशी वस्ती होईलही, पण त्याला मर आणणं तिच्या हातात नाही. दिराकडची बुरशी बहुधा त्याच्याच मातीत, टोमॅटोवर टोमॅटो घेऊन, साठत आलेली.

कुजबूज दोन्ही बशांवर वाकली. मग पुटपुटली, "राणीसाहेब, हा आपला पहारेकरी."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. अंगरखा तोच, मिशी तीच. दार उघडणारा शब्द भलत्याच नाटकातला.

बुरशीवाल्या बाई म्हणाल्या, माझं सांगणं ऐकतील असं दिसत नाही, झाडांनाच सांगू दे. त्या स्वतः येऊन दोन्हीकडची माती घेऊन गेल्या. दिरानं खुरप्यानं आपली माती भरून दिली, वहिनीकडे न बघता. चार कुंड्या प्रयोगशाळेत वाढल्या: तिच्या मातीत एक खरबूज आणि एक टोमॅटो, त्याच्या मातीतही तसंच.

बैठकीला मी गेले. सोसायटीची खोली, पत्र्याचं कपाट, आवाज करणारा पंखा. सगळे विषय संपवून अध्यक्षांनी बाईंना बोलायला अगदी थोडा वेळ दिला. त्यांनी जनुकांचं नुसतं नाव काढलं तोच अध्यक्ष म्हणाले, "बाई, तिकडेही मर, इकडेही मर. मर म्हणजे मर. शब्दांचे खेळ नकोत."

शब्दांचे खेळ! मी उठणार होते. राणीचा आवाज माझ्या घशाशी आला होता. पण कुजबूजनं माझा पदर खाली ओढला आणि स्वतः उभी राहिली. तिनं बाईंनी आणलेल्या चारही कुंड्या टेबलावर ओळीनं मांडल्या. आणि जन्मात पहिल्यांदा ती शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

"मर, पण कोणाची?"

एवढी वर्षं तिनं तो आवाज आम्हा सगळ्यांना वाटून टाकला होता.

तिच्या मातीतलं खरबूज आडवं झालं होतं, पण टोमॅटो ताठ उभा. त्याच्या मातीतला टोमॅटो आडवा, खरबूज हिरवंगार. अध्यक्ष म्हणाले, कुंड्यांवरून काय ठरतं. तेव्हा दीर मागच्या बाकावरून उठून पुढं आला. त्यानं खिशातला चाकू काढला आणि तिच्या मातीतल्या टोमॅटोचं खोड बुडाशी कापलं. आत स्वच्छ, पांढरट हिरवं. मग आपल्या मातीतल्याचं कापलं. आत तपकिरी रेघ, त्याच्या शेडमधल्या प्रत्येक झाडात होती तशीच. दोन्ही खोडं त्यानं शेजारी-शेजारी ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला, "ही माझीच आहे."

ठराव मागे घेतला. अध्यक्षांनी जाहीर केलं की तांत्रिक गैरसमज झाला होता. गैरसमज झाला होता, जणू तो आभाळातून पडला! कोणी केला, ते नाही. जाळलेल्या कोबीबद्दल अक्षर नाही. टोमॅटोवर टोमॅटो लावायला कोणी सांगितलं, त्याबद्दल तर सगळेच एकाएकी पंख्याकडे बघू लागले. माफी कोणी मागितली नाही. मी अजून वाट बघते आहे, आणि माझं वय वाट बघण्याचं राहिलेलं नाही.

फाटक पुसून देतो, असं मात्र ते म्हणाले. कुजबूजनं नको म्हटलं. पुन्हा आपल्या जुन्या आवाजात, त्यामुळे अध्यक्षांना दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, माझ्याकडे मर आहे, ती मी लपवली नव्हती आणि आताही लपवणार नाही. फक्त वाक्य पुरं करा.

सोसायटीचा रंगारी काही आला नाही. मीच एकदा सकाळी गेले तर दीर फाटकासमोर स्टुलावर बसून त्या दोन अक्षरांच्या आधी, वेड्यावाकड्या अक्षरांत, "खरबुजाची" असं रंगवत होता. खाली तिनं सांगितलं तसं लिहिलं होतं: कोबी, मिरची, वांगी मिळतील. शेजारी त्याच्या फाटकावर "टोमॅटोची मर" अजून ओलं होतं. गोणपाट कुंपणावरून उतरलं होतं. ते स्टुलावर टाकून तो त्याच्यावरच बसला होता.

कुजबूज त्याच्या मागं उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. त्यानं कुंचला थांबवून मला विचारलं, "काय म्हणतायत वहिनी?"

मी म्हटलं, ची दीर्घ आहे, तू ऱ्हस्व काढलास.