बोटीवरचं गोड पाणी

बोटीला थंडीसाठी तयार करावं लागतं, हे मला जर्मनीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही फ्रँकफर्टला होतो. हे शीतकरणात डॉक्टरेट करत होते आणि त्यांच्या इन्स्टिट्यूटची एक मोजमापाची बोट माइन नदीवर असे. तिच्या केबिनमध्ये चक्क एअर कंडिशनर होता. माणसांसाठी नव्हे, उपकरणांसाठी. माणसं घामाघूम झाली तरी चालतील, काट्यांना ऊन बाधता कामा नये, यावरून मी ह्यांना पुष्कळ चिडवायची.

तो एअर कंडिशनर नदीचंच पाणी ओढून तांब्याच्या नळ्यांतून फिरवायचा आणि परत नदीत सोडायचा. थंडीत नळ्यांत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, फुगतो आणि नळ्या फुटतात. म्हणून नोव्हेंबर लागला की सगळं पाणी काढून टाकायचं आणि पंपाने ग्लायकॉल मिसळलेलं, न गोठणारं पाणी आत भरायचं. ते दुसऱ्या टोकाने बाहेर येऊ लागलं की झालं काम. हे मला ह्यांनी इतक्या वेळा समजावलं होतं, की मी स्वतः जाऊन केलं असतं.

त्या शनिवारी मी ह्यांचा डबा घेऊन बोटीवर गेले. हे खाली कुठल्याशा झडपा बंद करत होते. बोटीच्या मेकॅनिकने बाहेर पडणारं ग्लायकॉलचं पाणी एका स्वच्छ एनॅमलच्या जगमध्ये धरलं, जग केबिनच्या टेबलावर ठेवला आणि त्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी आणायला तो निघून गेला. मी आले ती त्यानंतर. टेबलावर पाण्याचा जग दिसला, त्याच्या शेजारी मी डबा उघडला. हे हात पुसत वर आले आणि उभ्या उभ्याच पोळीचा घास तोंडात घातला. ठेचा हंगेरियन मिरच्यांचा होता आणि त्या दिवशी मिरची भलतीच जहाल निघाली. ह्यांनी हाश्शहुश्श करत जग उचलला.

पाणी हे नेहमी वरून पीत. भांडं ओठांना लावायचं नाही, मान मागे टाकून धार सोडायची. ह्यांच्या इन्स्टिट्यूटमधले लोक तो खेळ टक लावून बघत. अशा पिण्यात जिभेला चव कळेपर्यंत चार घोट पोटात गेलेले असतात.

"गोड कसं गं हे?" ह्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात मेकॅनिक दारात आला आणि "नाइन! नको!" म्हणून असा ओरडला, की माझ्या हातातलं झाकण पडलं. ह्यांनी जग खाली ठेवला. ग्लायकॉल पोटात गेलं तर काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मला नव्हतं.

"युद्धात आमच्यातल्या काहींनी ट्रकमधलं हेच पाणी प्यायलं होतं," मेकॅनिक म्हणाला. "गोड लागलं म्हणून."

"मग?" मी विचारलं. त्याने कोट चढवला आणि गाडी काढायला धावला.

इस्पितळात ह्यांचं पोट धुतलं. मग एक तरुण डॉक्टर हातात कसलंसं मासिक घेऊन आला. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीवही जाऊ शकतो, असं त्याने सरळ सांगितलं. "तर, एक उपाय आहे. दारू. शरीर आधी दारूच्या मागे लागतं, तोवर ग्लायकॉलचं विष होत नाही, ते तसंच बाहेर पडतं. परवापर्यंत ह्यांना नशेत ठेवायचं."

मी हादरलेच. पोरगा वेडा आहे की काय? मुंबई राज्यातल्या दारूबंदीत वाढलेली मी. दारूला औषध म्हणणारा डॉक्टर मी जन्मात पाहिला नव्हता. आणि ह्यांनी तर जर्मनीत एवढी वर्षं काढून बियरचा थेंबसुद्धा तोंडात घेतला नव्हता.

नर्सने सफरचंदाच्या रसात श्नाप्स नावाची कडक दारू मिसळून आणली. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको."

माझं डोकंच फिरलं. "अहो, जिवावर बेतलंय आणि सोवळं कसलं पाळताय?"

"तू बाहेर जा. मग घेतो."

"का म्हणून?"

"जा म्हटलं ना! दोन दिवस इकडे फिरकू नकोस."

हे माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. पण मीही काही कमी तापट नाही. मी त्यांची हनुवटी धरली आणि ग्लास ओठांना लावला. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि प्यायले.

मग तेच सुरू झालं. नर्स ग्लास भरून आणी, मी पाजी. मी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नवऱ्याला! ग्लास यायला उशीर झाला तर मी दाराशी जाऊन दारूसाठी हाका मारत होते. खाटेखालच्या काचेच्या भांड्यात लघवी दिसली की मी मनातल्या मनात हात जोडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने सांगितलं, मूत्रपिंडं शाबूत आहेत. मी तिथेच खुर्चीत बसून मोठ्याने रडले.

दुपारी ह्यांना नीट शुद्ध आली. डोळे लालभडक. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले, एकदा या गालाकडे, एकदा त्या. मग विचारलं, "मी हात उगारला का गं तुझ्यावर?"

"काय?"

"खरं सांग. बाबा प्यायले की आईला मारायचे. म्हणून तुला जा म्हणत होतो."

सासरे काविळीने गेले, एवढंच मला सांगितलं होतं. त्यांच्या तसबिरीला मी रोज फूल वाहत आले होते.

"नाही हो," मी म्हणाले. "तुम्ही नर्सची माफी मागत होतात. मराठीत."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला, स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर सारली, नीट पाहिलं, आणि मग दुसरा हात मागितला.