शेहेचाळीस गाड्यांचा रविवार

बाईंना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. अर्ध्या गावाला त्याने क्लच सोडायला शिकवला होता, पण घरी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हात जोडले. अशा बाईंवर एका सकाळी शेहेचाळीस गाड्या इकडच्या तिकडे करण्याची वेळ आली, आणि तीही नोकरी पणाला लावून.

बाई म्हणजे सोसायटीच्या मॅनेजर. पक्क्या नव्हेत, सहा महिन्यांच्या बोलीवर आलेल्या. त्यांची सुरुवात झाली एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर. तिथे सात वर्षं रडणाऱ्यांचे, ओरडणाऱ्यांचे आणि चुकून लागलेले फोन घेऊन घेऊन त्यांचा आवाज असा काही मऊ झाला होता की तावातावाने भांडायला आलेला माणूस दोन मिनिटांत प्यायला पाणी मागायचा. मग त्यांनी सोळा घरांची एक लहानशी इमारत सांभाळली. वरच्यांची खुर्ची किती वाजता ओढली जाते, खालच्यांचं डोकं किती वाजता उठतं, पंप बिघडायच्या आदल्या दिवशी कसा कण्हतो, हे सगळं तिथे शिकल्या. आणि आता ही नऊ मजली, बहात्तर घरांची इमारत. ऑफिसला खिडकी होती, दारावर 'मॅनेजर' अशी पाटी होती. सहा महिने त्या रविवारी संपत होते. संध्याकाळच्या सभेत ठरणार होतं, बाईंना कायम करायचं की बाहेरच्या एजन्सीला काम द्यायचं.

बाईंना ही नोकरी हवी होती. उगाच नाटकं कशाला, फार हवी होती. सकाळी ऑफिसचं कुलूप उघडताना त्या एकट्याच हसायच्या.

सोसायटीचे सचिव मात्र एजन्सीच्या बाजूचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं छापील लागायचं. ते म्हणाले, "रविवारी दुपारी बाराच्या आत पार्किंग मार्गी लावून दाखवा. मग संध्याकाळी बोलू."

आता हे पार्किंग म्हणजे काय प्रकरण होतं ते ऐका. बिल्डरने जागा दिल्या होत्या त्या जो आधी येईल त्याला. त्यामुळे कुणाला लिफ्टजवळची ऐसपैस, तर कुणाला खांबाला खेटून अशी की डावीकडच्या दाराने उतरायचं म्हणजे श्वास रोखून. अकरा वर्षं भांडणं झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्यांना नवे नंबर आले. चिठ्ठ्या टाकणं सोपं होतं हो, पण गाड्या हलवणार कोण? आधीच्या दोन मॅनेजरांपैकी एकाने राजीनामा दिला, आणि दुसऱ्याची पाठ जी धरली ती अजून सुटलेली नाही. शेहेचाळीस जागा, शेहेचाळीस गाड्या आणि रिकामी जागा एकही नाही. ज्याला विचारावं तो म्हणणार, "आधी त्यांना काढू दे, मग मी काढतो."

बाईंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने चौकोन आखले, डब्यातली शर्टाची बटणं मांडली आणि सरकवत बसल्या. हे इकडे, ते तिकडे, मग हे कुठे? तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी सासूबाई भाजीचं पातेलं घेऊन बटणं ओलांडता ओलांडता थांबल्या.

"कपाट आवरताना तू काय करतेस गं?"

"सगळं बाहेर काढते."

"मग?" सासूबाई म्हणाल्या आणि पातेलं ठेवायला गेल्या.

बाईंनी सगळी बटणं एका झटक्यात मुठीत घेतली आणि सासूबाईंच्या मागे जाऊन त्यांना कडकडून मिठी मारली. सासूबाईंना मिठ्यांची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "भाजी सांडेल."

बेत ठरला. दहा वाजता सगळ्यांनी गाड्या बाहेर काढायच्या, इमारतीला वळसा घालत राहायचं, आणि बाई फाटकात उभं राहून नंबर पुकारतील तसतसं आत यायचं. एकही गाडी आत राहता कामा नये, हा बाईंचा स्वतःचा नियम. त्या यादी घेऊन दारोदार फिरल्या आणि प्रत्येक गाडीपुढे खूण करत गेल्या. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त जजसाहेब राहायचे. एकटेच. घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे.

"साहेब, गाडी चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"गाडी माझी आहे," जजसाहेब म्हणाले. "चालू नसायला काय झालं?"

बाईंनी 'चालू' लिहिलं. जजाचा शब्द, त्यावर आणखी काय विचारायचं!

रविवारी दहा वाजता जी गंमत सुरू झाली ती काय सांगावी. एकामागून एक गाड्या बाहेर पडल्या. एरवी रविवारी सकाळी लेंग्याशिवाय न दिसणारी माणसं केस विंचरून स्टिअरिंगवर बसली होती. कुणी मुलं घेतली होती, कुणी चहाचा थर्मास. एका आजोबांनी तर लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी मागच्या सीटवर उशी ठेवली होती. रांग पूर्ण वळसा घालून परत फाटकाशी येऊन भिडली तेव्हा समोरच्या बाल्कनीतून एका बाईने विचारलं, "कोण गेलं हो?"

पंचेचाळीस गाड्या बाहेर गेल्या. उरली शेहेचाळिसावी, जजसाहेबांची, एक जुनी टुमदार हिरवी मोटार. तिला चिठ्ठीत नेमका अगदी आतला कोपरा मिळाला होता. जजसाहेब आत बसले, आरसा नीट केला, हॅन्डब्रेक सोडला. फरशीला फाटकाकडे जरासा उतार होता. इंजिनचा आवाज न करता गाडी हळूच निघाली, खडखडत फाटकापर्यंत आली आणि बरोब्बर मधोमध आडवी होऊन थांबली. पुढची दोन्ही टायरं पार बसलेली, हवेचा पत्ता नाही. जजसाहेब उतरले, दार लावून घेतलं.

"आणली बाहेर," ते म्हणाले.

वॉचमनने ढकलून पाहिलं, बाईंनी ढकललं, गाडी ढिम्म. बाहेर पंचेचाळीस गाड्यांचा चौथा वळसा चालू होता आणि पहिल्या हॉर्नला दुसऱ्याने उत्तर दिलं होतं. साडेअकरा वाजले होते. सचिव आपल्या गाडीची काच खाली करून म्हणाले, "एजन्सीने आधी पाहणी केली असती." आणि पाचव्या वळशाला गेले, कारण मागचा थांबू देईना.

बाई थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले. रांग थांबली.

"सगळे खाली उतरा," टेलिफोन बोर्डावरच्या त्या मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "गाडी उचलायची आहे."

आणि काय आश्चर्य, उतरले की. सोळा जण वाकले. दाताचे डॉक्टर आणि पाचव्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई खांबाजवळच्या जागेवरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते नेमके एकाच बंपरला आले. "तुमची बाजू खाली जातेय," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही फार वर उचलताय," डॉक्टर म्हणाले. झालं, अबोला सुटला. हिरवी मोटार जमिनीवरून चार बोटं वर उठली आणि डुलत डुलत कोपऱ्याकडे निघाली. जजसाहेब शेजारून चालत होते. "सावकाश," ते म्हणाले, "रंगाला धक्का नको." कुणीतरी फिस्सकन हसलं, ते हसू सोळा जणांत पसरलं आणि गाडी दोनदा खाली ठेवावी लागली. बाई स्वतः इतक्या हसत होत्या की त्यांच्या हातात काही जोरच उरला नव्हता.

मग नंबर पुकारणं, आत घेणं, मागे, अजून मागे, बास. शेवटची गाडी लागली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी सभेला एरवी नऊ डोकी यायची, त्या दिवशी खुर्च्या घरून आणाव्या लागल्या. सचिवांनी घसा खाकरला. "काम झालं, पण वेळेत झालं नाही. एका बंद गाडीमुळे. गाडी तपासणं हे मॅनेजरचं काम होतं."

"होतं," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी बॉनेट उघडायला सांगायला हवं होतं. चूक माझीच आहे." असं म्हणताना त्यांना आपली पाटी काढलेलं दार दिसायला लागलं आणि डोळे भरून आले. त्यांनी ते कुणापासून लपवले नाहीत.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. जजसाहेब उभे होते.

"यांनी मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं. गाडी नऊ वर्षं बंद आहे." त्यांनी शर्टाची बाही नीट केली. "रोज सकाळी मी तिच्यात तासभर बसून पेपर वाचतो. बंद आहे म्हटलं असतं, तर जागा काढून घेतली असती. मग मी सकाळी जाणार कुठे?"

दाताचे डॉक्टर हळूच म्हणाले, "साहेब, आम्हाला माहीत होतं."

"कुणाकुणाला?"

एकेक हात वर गेला. गाण्याच्या बाईंचा, उशीवाल्या आजोबांचा, मग सगळ्या हॉलचा. नऊ वर्षं सगळे त्या गाडीजवळून जाताना "काय साहेब, फेरफटका झाला का?" असं विचारत होते, आणि सहा महिन्यांपूर्वी आलेल्या बाईंना तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. सचिवांचाही हात वर होता. तो वर आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यावर जे हसू फुटलं त्यात सचिवांनाही हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. "असू द्या," ते म्हणाले, "हात वर आहेतच, तर बाईंना कायम करण्याचं मतदानही यातच धरा."

सभा संपली. बाईंनी डोळे पुसले, घरी फोन केला, पुन्हा पुसले. जजसाहेब दारापाशी घुटमळत होते.

"आता उद्यापासून कसा बसू?" ते म्हणाले. "सगळ्यांना कळलं."

"सगळ्यांना आधीच माहीत होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. जागा तुमचीच आहे."