गोगलगायीचं कार्ड

भाच्यानं चिप्सचं पाकीट फोडलं आणि त्या तिखट-आंबट वासानं मी उगाच बेचैन झालो. आमच्या लहानपणी अशाच पाकिटांतून कार्डं निघायची. टीव्हीवर त्या कार्डांच्या खेळाची छोटीशी कार्टून मालिका लागायची.

तिचा शेवटचा भाग होता तेव्हा मी अनसिंगला मोठ्या काकांकडे होतो. हिरो हरत आला होता. त्यानं शेवटच्या कार्डाला हात घातला आणि लाइट गेली. एरवी काका ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडून द्यायचे, पण ट्रॅक्टर सोयाबीन घेऊन वाशिमला गेला होता. मी बटणापासून दारापर्यंत येरझारा घालत होतो. चुलतबहीण वैशूताई माझ्याहून अस्वस्थ होती. ती बारावीत होती आणि दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार होते.

तिनं माझी कार्डं फरशीवर पालथी पसरली आणि हिरोच्या नावानं एक उचललं. गोगलगाय निघाली, सगळ्यांत कमजोर.

"आता हरते तो," मी म्हणालो.

"काहून हरन? हिच्यानंच जिंकन," ती रागानं म्हणाली.

मला तेव्हा वाटलं, ती कार्टूनबद्दलच बोलतेय. परीक्षेआधीच तिचं लग्न झालं.

आज भाच्यानं तो भाग मोबाइलवर शोधून दिला. मी कामरगावला सासरी असलेल्या वैशूताईला फोन लावला. "सापडला. कोनतं कार्ड निघालं, पाहू का?"

ती म्हणाली, "तू पाह्य. मले सांगू नोको."

हिरोचा हात कार्डावर थांबवून मी मघापासून नुसता घरभर फिरतोय.