चहा पिणारा जवान

कारगिलच्या वर्षी आमच्या मंडळानं गणपतीपुढं युद्धाचा देखावा धरला. कुंभारगल्लीतल्या एका म्हाताऱ्याला मातीचे जवान सांगितले. दोन लढणारे, एक धारातीर्थी पडलेला. माझ्या खेपा सुरू. हा बाबा चिखलाचे हात धोतराला पुसत नुसतं "हुईल की" म्हणायचा.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी बघतो तर पडलेला जवान चक्क मांडी घालून चहाला फुंकर मारतोय!

"अहो, हा मेलेला पाहिजे होता!" मी ओरडलो.

"पावणं, पेपरात रोज मरत्यातच की. माझ्या हातनं न्हाय मरायचा."

डोकंच फिरलं. पण ऐनवेळी करणार काय? तोच मांडला.

विसर्जनाला पंचगंगेवर नेला, तर चहा पिणाऱ्याला पाण्यात ढकलायला एकजणही तयार होईना. अजून मंडळाच्या खोलीत कॅरमची जागा अडवून बसलाय.