माझा लेख, पाटलांची केस

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सिल्वासात एका दुपारी पाटील पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात उभे राहिले... आणि तेव्हा माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

मी तेव्हा तिथल्या एका छोट्या लॉ कॉलेजात संध्याकाळी कामगार कायदा शिकवायचे. मिस्टरांची सरकारी बदली झाली म्हणून रत्नागिरीहून गेलेली. वकिलीची सनद होती, पण कोर्टात मला विचारतंय कोण!

पाटील माझे विद्यार्थी, पण वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. धुळ्याकडचे, बी.ए. झालेले, सामरवरणीच्या एका कारखान्यात टेंपररी होते. पाळी सुटली की डबा हातात घेऊन थेट वर्गात यायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे.

त्या वर्षी मुंबईच्या एका कायदेविषयक मासिकात माझा पहिला लेख छापून आला. इंग्रजीत! सतरा तळटीपा! मुद्दा असा, की नोकरीवरून काढलेला कामगार वर्षानुवर्षं गप्प बसला आणि मग भांडायला आला, तर कोर्टाने त्याला दारातूनच परत पाठवावं.

आमचे प्रिन्सिपॉल देसाई सर बेहद्द खूश. त्यांनी नोटीस बोर्डावर 'प्राध्यापकांचे यश' असा मोठा कागद लावला आणि त्यावर एकटं माझंच नाव. शाल, श्रीफळ, फोटो... मी आठवडाभर जमिनीवर नव्हतेच.

तर ते पेढे. पाटलांना धाप लागलेली, चेहरा नुसता फुललेला. "मॅडम, आज कोर्टात तुमचं नाव घेतलं ना! जजसाहेबांनी दोनदा विचारलं, ह्या बाई कोन म्हनून."

अगं बाई! मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, नाव घेतलं कुणी? तर म्हणाले, "समोरच्या वकिलानी. कंपनीच्या. माझ्या केसमधे."

हातातला दुसरा पेढा मी पुड्यात परत ठेवला...

मला तर त्यांची केस आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मॅडमना उगाच त्रास कशाला, म्हणून ते बोललेच नव्हते. चार वर्षांपूर्वी गलोंड्याच्या एका कंपनीने त्यांना एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं होतं. ना नोटीस, ना कागद. असं काढता येत नाही हे त्यांना कळलं ते माझ्या वर्गात... तेव्हा कुठे त्यांनी केस टाकली.

म्हणजे बघा. वर्गात मी बोलले म्हणून केस उभी राहिली आणि मासिकात मी लिहिलं म्हणून ती आता पडणार होती. मी नक्की कुणाच्या बाजूची होते?

"उशीर झाला ह्या मुद्द्यावर पुढच्या तारखेला ऑर्डर है. केस तर गेल्यातच जमा," पाटील म्हणाले. मग खिशातून माझ्या लेखाची झेरॉक्स काढून त्यांनी पुढे धरली... त्यांना माझी सही हवी होती!

मी सही केली. काय करणार, हात आपोआप गेला. मग विचारलं, अहो पाटील, पण चार वर्षं गप्प का बसलात?

"मला कोनी सांगितलंच नव्हतं ना मॅडम."

माझ्या सतरा तळटीपांत हे कुठेच नव्हतं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू...

संध्याकाळी देसाई सरांना सांगायला गेले, की सर, लेखात घोळ झालाय. त्यांनी फक्त 'कोर्ट' हा शब्द ऐकला. "बेन, कोर्टमां वंचायुं ने? बस!" म्हणजे, कोर्टात वाचलं गेलं ना, झालं तर! आणि माझ्या नावाखाली लाल पेनाने 'न्यायालयात दखल' असं लिहूनसुद्धा टाकलं.

पुढचे दहा दिवस मला काही सुधरेना. आयुष्यात एक लेख छापून आला, तोही आपणच चुकीचा म्हणायचा? आणि नाही म्हटलं तर या माणसाची केस जाते. भाजीत दोनदा मीठ घातलं, वर्गात एक कलम सोडून भलतंच शिकवलं.

तारखेच्या दिवशी पाटलांच्या वकिलांना विचारून मी कोर्टात उभी राहिले. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हा लेख तुमचाच ना?

म्हटलं, हो साहेब, माझाच. आणि तो चुकलाय. लिहिताना मी एकाही कामगाराला विचारलं नव्हतं, की तुम्ही इतके दिवस का थांबलात.

कंपनीचे वकील चक्क हसले. त्यांचं तरी काय चुकलं... पण साहेब हसले नाहीत. त्यांनी पाटलांना जवळ बोलावून चार प्रश्न विचारले आणि केस पुढे चालवायची ऑर्डर दिली. माझ्यामुळे, की त्यांचं आधीपासून तसंच मत होतं, देव जाणे. वर्ष-दीड वर्षाने पाटील गलोंड्याला पुन्हा कामावर लागले, एवढं खरं.

पण त्या दिवशी बाहेर आलो तर पाटील माझ्यावर भडकलेले! मला वाटलं, आता हात जोडतील, आभार मानतील. कुठलं काय. डोळे भरलेले, आवाज चढलेला.

"मॅडम, चार लोकांत चुकलं म्हनून कशाला सांगायचं? माझी नोकरी काय, आज है उद्या नाही. तुमचं नाव खराब झालं ना!"

ज्याची भाकरी माझ्या लेखापायी जात होती, तो माझ्यासाठी कोर्टाच्या आवारात रडत होता. साधं थँक्यूसुद्धा सुचलं नाही मला... आज म्हणते. पाटील, थँक्यू.