तळ्यावरचा मांडव

आमच्या घरामागे तळं आहे असं मी भिवंडीत, कामतघरच्या ऑफिसात सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कमळं येतात. प्रत्यक्षात ते चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद आणि मधोमध छातीभर खोल असं मातीच्या बांधाचं डबकं आहे. त्यात कमळं नाहीत, जिताडा होता.

आमचं गाव खारबावच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. इकडे घरामागे तळं राखून त्यात जिताडा हा खाडीतला मासा वाढवायची रीत आहे. खाडीतून बोटभर पिल्लू आणून सोडायचं, बारीक मासळी, कोलंबी खायला घालायची आणि दोन-तीन वर्षं धीर धरायचा. आमच्या घरात जिताडा विकत नाहीत. तो जावयासाठी, व्याह्यांसाठी किंवा ज्याच्या टेबलावर आपलं मोठं काम अडलंय अशा माणसासाठी असतो.

हा जिताडा माझ्या आईचा. बांधावर बसून ती स्टीलची वाटी दगडावर वाजवायची आणि तो पाण्याखालून सावलीसारखा सरकत यायचा. मी वाजवली तर यायचा नाही. मी प्रयत्न करून पाहिले आहेत.

माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे खाडीपलीकडचे. पसंतीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलाच्या आजीने त्यांच्या तळ्यातला जिताडा वाढला, आणि वाढताना तो केवढा होता ते हात पसरून दाखवलं. आईने दोन तुकडे खाल्ले, पाणी प्यायली आणि भरल्या घरात सांगून टाकलं, "आता साखरपुऱ्याची बोलनी करायला आमच्याकरं या. माझ्या तलातला जिताडा तुमच्या पानात वारीन."

आमच्या बोलीत ड-ढचा बहुधा र होतो आणि ळचा ल, पण असा शब्द एकदा दिल्यावर परत घेता येत नाही. येत्या रविवारी ते येणार होते.

तळ्याच्या बांधावर तीन झाडं होती, दोन सुबाभळी आणि एक भेंडीचं, भाजीच्या नव्हे, खाडीकाठच्या रानभेंडीचं. त्यांच्या मुळांनी बांध फोडला होता, पाणी झिरपत होतं, आणि पानं तळ्यात कुजायची ती वेगळीच. गेल्या वादळात एक फांदी मोडून थेट पाण्यात पडली. जिताड्याने त्यानंतर दोन दिवस काही खाल्लं नाही. आईनेही नीट खाल्लं नाही.

"ती झारं कार," तिने मला सांगितलं. "मानसं यायच्या आधी कार. पुन्ना फांदी परली न् माझा मासा मेला तर मी तोंड कुटं दाखवू?"

बातमी बांधापलीकडे गेली आणि माझा चुलतभाऊ त्याच संध्याकाळी आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: तोडणं फुकट, लाकूड त्याचं. यापूर्वी त्याने आमचं एक झाड तोडलं होतं. ते कुठे पडणार नाही हे त्याने बोट दाखवून सांगितलं होतं, आणि ते बरोबर तिथेच पडलं, आमच्या बाथरूमवर. सुदैवाने आत कोणी नव्हतं. दुर्दैवाने नंतर 'आत' म्हणण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, या वेळी हे काम ज्यांचा धंदा आहे त्यांनाच बोलवायचं. रीतसर परवानगी घेतली आणि निजामपुऱ्याकडचा एक ठेकेदार गाठला. तो आला, तिन्ही झाडांकडे मान वर करून एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "हो जाएगा."

"कसं?"

"शेठ, ऊपर से तुकडा तुकडा काटेंगे, रस्सी से उतारेंगे. पानी में पत्ता नहीं गिरेगा."

एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मी काठी रोवून तिची सावली मोजली होती, झाडांच्या सावल्या मोजल्या होत्या आणि त्रैराशिक मांडून प्रत्येकाची उंची काढली होती. मोठी सुबाभूळ अडतीस फूट. ती पडू शकेल अशा सगळ्या जागांचं एक वर्तुळ मी कागदावर काढलं होतं. त्यात तळं, स्वयंपाकघर आणि चुलतभावाचा गोठा येत होता. ठेकेदाराने कागद हातात घेतला. मी तो सुलटा करून दिला. त्याने तो पुन्हा फिरवला.

"शेठ, आप इंजिनियर हो?"

"नाही. सायझिंगच्या कारखान्यात हिशेब बघतो."

"तभी," तो म्हणाला आणि कागद आदराने घडी घालून खिशात ठेवला. पुढे त्याच कागदाने करवतीची साखळी पुसताना मी त्याला पाहिलं.

पानाचं तो म्हणाला, पण भुश्याचं काही बोलला नव्हता. यंत्राच्या करवतीचा भुसा उडतो, त्यात तेल असतं, आणि तळं तर झाडांच्या बुंध्यापासून चार फुटांवर. त्यावर उपाय मलाच सुचला, आणि सुचल्यावर मी बराच वेळ खूष होतो. भिवंडीत राहून माणसाला कापडाची वाण कशी पडेल? ओळखीच्या एका लूमवाल्याकडे डागी ताग्यांचे तुकडे पडून होते, मागावरून उतरलेलं कोरं कापड, ना धुतलेलं ना रंगवलेलं. तळ्याचं क्षेत्रफळ, कडेला दुमडायला सोडायची जागा आणि मधला झोळ धरून मी माप काढलं. बायकोने ते तुकडे मशीनवर जोडले. जोडताना तिने एकदाच विचारलं, "एवढं शिवतेय तर पोरीच्या लग्नात वापरता येईल ना?"

तळ्यावर आडव्या दोऱ्या ताणून आम्ही ते कापड अंथरलं. आईला चारा टाकता यावा म्हणून एक कोपरा उघडा ठेवला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पान्यावर मांडव? लगीन मासल्याचं हाय का पोरीचं?"

कामाच्या दिवशी टेंपोतून हेल्मेट, कमरेचे पट्टे, दोरखंड आणि करवती उतरल्या. गावातली निम्मी माणसं बघायला जमली. चुलतभावाने आपल्या हद्दीत प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि काम संपेपर्यंत तिथून उठला नाही.

"दादा, येवरी मानसं एका झाराला? मी एकट्यानं पारलं असतं."

"पाडलंच असतंस. कशावर, एवढंच विचारतोय."

"तुजं बाथरूम जुनंच होतं."

ठेकेदाराचा एक माणूस पट्टा बांधून सरसर वर गेला. फांदी कापायची, दोरीला लटकवायची, खालच्यांनी हळूहळू सोडायची. अडतीस फुटांची सुबाभूळ एखाद्या पाहुण्याचं सामान उतरवावं तशी तुकड्यातुकड्यांनी खाली आली. चुलतभाऊ मग चहा कसा झालाय यावर बोलू लागला. पानं आणि भुसा कापडावर पडत होता. त्या वजनाने मांडव मधोमध वाकला आणि पाण्याला टेकला.

"दादा, मांडव बुराला."

"बुडू दे. भुसा अडला की नाही?"

दुसऱ्या दिवशी भेंडीही उतरली. तिन्ही झाडं गेली, बांध शाबूत, गोठा शाबूत, बाथरूम शाबूत. उरलेली लाकडं न्यायला आणि कापड काढायला माणसं सकाळी येतो म्हणाली. मी मांडवाकडे पाहिलं. एकही पान पाण्यात नव्हतं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

सकाळी आईने वाटी वाजवली. जिताडा आला नाही. तिने पुन्हा वाजवली. मग तिने मला हाक मारली, आणि त्या हाकेवरून टेंपोतून उतरणारा ठेकेदार आणि त्याची माणसंही धावली. आम्ही कापड ओढून बाजूला केलं.

तळं पांढरं झालं होतं. आंबूस वास येत होता.

"तलात पेज कुनी सांडली?" आई म्हणाली.

जिताडा मधोमध पाण्यावर आला होता. तोंड वर काढून आ वासत होता, मिटत होता. मी वाकून पाण्यात हात घातला. बोटांना चिकट लागलं. तो चिकटपणा मला ओळखीचा होता. मागावर चढण्याआधी सुताला पिठाची खळ लावतात, म्हणजे विणताना सूत तुटत नाही. त्यालाच सायझिंग म्हणतात. कोऱ्या कापडात ती खळ तशीच राहते आणि पाण्यात भिजलं की सुटते. हे सगळ्या भिवंडीला ठाऊक आहे. मी तर त्याच धंद्यात नोकरी करतो. ज्या खळीच्या गोण्या रोज माझ्या टेबलासमोरून आत जातात, ती मी हौसेने मापून, शिवून घेऊन आमच्या तळ्यात भिजत घातली होती.

मी ते आईला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"खल? तुज्या कारखान्यातली?"

"कारखाना माझा नाही, आई. मी नुसती नोकरी करतो."

"मंग येवरी वर्सं तिथं काय करतस?"

बांधापलीकडून आवाज आला, "झारानं न्हाय मारला मासा. दादानं खल लावून करक केला. आता इस्तरी कर, दादा!"

"तू खुर्चीवरून ऊठ आन् जालं घेऊन ये!" आई त्याच्यावर ओरडली.

जाळं आलं, पण तळाशी मुळांचं जंगल होतं. पहिल्याच फेकीला ते अडकलं आणि फाटलं. जिताडा एकदा उसळला, बुडाला आणि पुन्हा वर येऊन आ वासू लागला. आई बांधावर बसून राहिली होती आणि वाटी तिच्या हातात होती. ती वाजवत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

"शेठ, कपडे से खींचो!" ठेकेदार म्हणाला.

ज्या कापडाने घात केला होता तेच आम्ही दोन टोकांनी धरून पाण्यात उतरवलं. एका बाजूला मी आणि चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला झाडावर चढणारा तो गडी. त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून त्याने छातीभर पाण्यात उतरताना हेल्मेट घातलं, कमरेचा पट्टा बांधला आणि त्याचा दोर सुबाभळीच्या बुंध्याला अडकवून घेतला. अडतीस फुटांवर हसत बसणारा तो माणूस छातीभर पाण्यात देवाचं नाव घेत होता.

"दादा, ओर! तुज्या हातातनं सुटतंय!"

"मी ओढतोय. तू लाकडाकडे बघू नकोस, माशाकडे बघ."

आम्ही कापड कडेपर्यंत ओढत नेलं. जिताडा झोळीत आला, शेपटीने चुलतभावाच्या गालावर एक सणसणीत लगावून बांधावर आला. जिवंत होता. मी तो मापला नाही, पण आईच्या मांडीवर आडवा ठेवल्यावर दोन्हीकडून बाहेर येत होता.

"पाण्याच्या टाकीत सोडू," मी म्हणालो. "रविवारपर्यंत राहील."

आईने त्याचे कल्ले उघडून पाहिले. आत चिकटा बसला होता.

"रैवार न्हाय बघनार हा. आज सांजपरेंत पन राहील का न्हाय. फोन लाव."

"कुणाला?"

"व्यायांना. आज जेवायला बोलव."

मी होणाऱ्या व्याह्यांना फोन लावला. कोणत्या शब्दांत सांगावं हे ठरवलं नव्हतं. आजच या म्हटल्यावर ते घाबरले.

"का हो? कुणाची तब्येत?"

"नाही, नाही. सगळे बरे आहेत. आमचा जिताडा आजच बाहेर काढावा लागला..."

"निघालोच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्याकडे याहून जास्त खुलासा लागत नाही.

दुपारी ते आले ते कामावरच्या कपड्यांत. त्यांच्या शर्टाला ग्रीस होतं. सोबत त्यांची बायको आणि मुलाची आजी. घर सजवलेलं नव्हतं. अंगणभर ओंडके पडले होते, आणि खुर्च्या रविवारसाठी सांगितलेल्या. तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी बुंध्याचे जाड तुकडे कापून बसायला मांडले. पाहुणे, ठेकेदार, त्याची माणसं, चुलतभाऊ, सगळे एकाच रांगेत त्या ओंडक्यांवर ताटं मांडीवर घेऊन बसले. आईने मासा मिठाने, हळदीने आणि चिंचेच्या पाण्याने इतक्या वेळा धुतला होता की बायको म्हणाली, आता त्याला फक्त वाळत घालायचं बाकी आहे.

पहिला तुकडा आजींच्या ताटात पडला. आई पळी हातात धरून उभी राहिली. मीही घास थांबवला. आजींनी काटा काढला, घास तोंडात घातला, सावकाश चावला. ठेकेदारसुद्धा चावायचा थांबला होता.

"बरा हाय," आजी म्हणाल्या.

आईचा खांदा जरा खाली आला.

"पन आमचा याच्यापरीस मोटा व्हता."

खांदा परत वर गेला.

"मोटा असल," आई म्हणाली. "आमचा सावलीतला हाय. झारांची सावली असली का मासा गोर लागतो."

आजींनी मागे वळून तळ्याकडे पाहिलं. तिथे पांढरं पाणी होतं, वर मोकळं आभाळ होतं आणि बांधावर तीन ताजे बुंधे.

"कुटली झारं?"

मी ताटात बघू लागलो. चुलतभावाने तोंड उघडलं होतं. त्याच्या ताटात पळीभर कालवण पडलं आणि ते बंद झालं.

"ती का?" आई म्हणाली. "ती तोरली. तुमी येनार, मंग बसायला नको?"

आजींनी आपण बसलेल्या ओंडक्याकडे पाहिलं. हाताने एकदा थोपटून बघितलं. मग ताट पुढे केलं.

"डोक्याचा तुकरा वार," त्या म्हणाल्या. "आन् तारीख काय धरायची ते बोल."